टाकी रिकामी व्हायच्या आधी

मी नागपुरात कूलर बसवतो आणि दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात फोन सुरू होतात. "भाऊ, कूलरचा घास बदलायचा आहे." "भाऊ, पंप पाणी नाही चढवून राहिला." मग पहिला पाऊस पडेपर्यंत धड जेवायला फुरसत नसते. कूलर खिडकीच्या बाहेरून लागतो, म्हणून माझं सगळं काम शिडीवर, गच्चीवर आणि भर दुपारचं. रोजच्या रोज पाणी कसं प्यावं हे मला त्या कामाने शिकवलं, आणि पहिला धडा फार वाईट मिळाला.

२०१३ च्या मे महिन्यात, २३ तारखेला, नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. त्याच आठवड्यात नंदनवनला एका दुमजली घराच्या गच्चीवर मी लोखंडी स्टँड बसवत होतो. सकाळी तर्री पोहे आणि दोन कप चहा घेऊन निघालो होतो. अकराच्या सुमारास तहान लागल्यासारखं वाटलं तेव्हा दोन घोट पाणी प्यालो, बस. अंगातला शर्ट कोरडा ठणठणीत होता. घाम नाही म्हणजे चिंता नाही, असा माझा हिशेब. साडेबाराला डाव्या पोटरीत गोळा आला, मग उजव्या. हातातला पाना सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीला टेकलो तो उठताच येईना.

माझ्या पोऱ्याने आणि घरच्या आजींनी मिळून मला खाली नेलं. आजींनी गार फरशीवर निजवलं, अंगावर ओला टॉवेल टाकला आणि तांब्याभर पाण्यात साखर, मीठ, लिंबू कालवून घोट घोट पाजायला लागल्या. मी तांब्या हिसकून घटाघटा प्यायला बघत होतो, त्या देईनात. "हळू पे बाबू, नाहीतर सगळं उलटून पडंल." पाऊण तासाने गोळे सुटले.

संध्याकाळी घरी शर्ट काढला. गडद निळा शर्ट होता. पाठीवर, काखेखाली आणि कॉलरच्या आतून पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, एकीच्या आत एक. तलाव आटत जातो तेव्हा काठावर पाण्याच्या पातळीच्या खुणा राहतात ना, तशा. नखाने खरवडलं तर भुकटी निघाली. जिभेला लावली, तर मीठ. असाच पांढरा थर मी रोज कूलरच्या जाळ्यांवरून पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढतो. तेव्हा डोक्यात उजेड पडला. घाम दिवसभर येत होता, मला फक्त दिसत नव्हता.

अंग आणि कूलर

कूलरमध्ये गॅस नसतो. पंप पाणी वर चढवतो, ते जाळीतल्या घासावरून, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या थरावरून, झिरपतं आणि पंखा बाहेरची हवा त्या ओल्या घासातून ओढतो. पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती हवेतून घेतली जाते, म्हणून आत येणारी हवा गार लागते. माठातलं पाणी याच रीतीने गार होतं. आपलं अंगही. कातडीवर आलेला घाम उडून जाताना अंगातली उष्णता सोबत नेतो. बाहेर ४५ अंश असतील तेव्हा भोवतालची हवा अंगापेक्षा गरम असते, तिच्यापासून गारवा मिळायचा प्रश्नच नाही. अंग ३७ च्या आसपास ठेवायला घाम हा एकच रस्ता उरतो.

एप्रिल-मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की दुपारची आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली उतरते. म्हणून तर कूलर आपल्याकडे इतका छान चालतो आणि मुंबईला चालत नाही. पण त्याच कोरडेपणामुळे घाम कातडीवर येतो न येतो तोच उडून जातो. मुंबईकराचा शर्ट पाठीला चिकटतो, त्याला आपोआप कळतं की अंगातून पाणी चाललंय. नागपुरातल्या माणसाला हा इशारा मिळत नाही.

दर वर्षी पाच-दहा गिऱ्हाइकांचा फोन येतो की टाकी गळतेय, दुपारी बाराला काठोकाठ भरली आणि सहाला तळ दिसला. मी जातो, कूलरखालची फरशी दाखवतो. कोरडी असते. साठ लिटर पाणी गळालेलं नसतं, त्यांच्या डोळ्यांदेखत हवेत गेलेलं असतं. जुलैत त्याच घरी तोच कूलर दिवसभर चालवा, टाकी अर्धी शिल्लक राहते.

माणसाची टाकी किती वेगाने रिकामी होते, ते मी माझ्यापुरतं मोजून पाहिलं. घरी वजनकाटा आहे. एके दिवशी सकाळी अकराला लघवी करून, अंगावर फक्त चड्डी-बनियन ठेवून वजन केलं: ६१.४ किलो. तीन तास शेजारच्याच गच्चीवर काम केलं. मध्ये काही खाल्लं नाही, मोजून एक लिटर पाणी प्यालो, लघवीला गेलो नाही. दोनला घाम पुसून तसंच वजन केलं: ६०. म्हणजे काट्यावर १.४ किलो कमी आणि प्यालेलं एक लिटर वेगळं. तीन तासांत २.४ लिटर पाणी गेलं होतं, आणि शर्ट ओला झालेला नव्हता. तुम्ही उन्हात काम करत असाल तर हा प्रयोग एकदा करून बघाच. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी. अंगाच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं तरी काम मंदावतं, चित्त लागत नाही, डोकं जड होतं. माझ्या बाबतीत दोन टक्के म्हणजे जेमतेम सव्वा लिटर.

किती प्यावं

"दिवसाला आठ ग्लास" हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे. १९४५ साली अमेरिकेतल्या आहारविषयक मंडळाने मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं असं सांगितलं होतं, आणि लगेच पुढे लिहिलं होतं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. पहिलं वाक्य पसरलं, दुसरं मागे राहिलं. वरण, कढी, भाजी, टरबूज, ताक, चहा, सगळ्यात पाणीच असतं. शिवाय सदर भागातल्या एसी ऑफिसात बसणारी बाई आणि मानेवाड्याच्या स्लॅबवर लोखंड बांधणारा माणूस यांना एकच आकडा कसा लागू पडणार?

म्हणून आकड्यापेक्षा लघवीकडे बघा. लाजायचं काही कारण नाही, इतकी स्वस्त आणि खरी तपासणी दुसरी नाही. लिंबू सरबतासारखी फिकट पिवळी असली तर ठीक चाललंय. जवसाच्या तेलासारखी गडद झाली, वास यायला लागला, सकाळपासून दुपारपर्यंत जायची इच्छाच झाली नाही, तर तुम्ही मागे पडला आहात. सकाळची पहिली लघवी सगळ्यांचीच गडद असते, ती धरू नका. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असतील तर रंग भडक पिवळा होतो, त्यालाही घाबरू नका. मात्र लालसर किंवा काळ्या चहासारखी झाली, तर पाणी पीत घरी न बसता सरळ डॉक्टर गाठा.

उलट टोकही सांगतो. दिवसभर नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ पांढरी लघवी होत असेल, तर गरजेपेक्षा जास्त पिणं चाललंय. त्यात कौतुक नाही. एका तासात दीड लिटरच्या वर पाणी कधीच रिचवू नका. मूत्रपिंडाला तेवढं बाहेर टाकता येत नाही, रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो. दिवसभर न पिता संध्याकाळी बाटल्याच्या बाटल्या पोटात ओतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

माझी दिवसभराची रीत

उठल्यावर तांब्यातलं पाणी, दोन फुलपात्रं. रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून पाणी गेलेलं असतं, कूलरसमोर झोपलात तरी जातं. नाश्त्यासोबत एक ग्लास. घरातून निघायच्या आधी आणखी एक, आणि त्यानंतर लघवीला जाऊनच गाडीला किक मारतो.

कामावर तहानेची वाट बघत नाही. तहान लागते तेव्हा टाकी आधीच उतरलेली असते. उन्हात काम चालू असताना दर वीस मिनिटांनी एक ग्लास, म्हणजे दोनशे मिलीच्या आसपास. फोनला गजर लावलाय. माझ्याकडचे दोन पोट्टे सुरुवातीला कंटाळायचे. आता गजर वाजला की आपणहून शिडीवरून उतरतात. नवीन पोऱ्या आला की पहिले आठ-दहा दिवस मी त्याला जास्त वेळ सावलीतलं काम देतो, कारण उन्हाची सवय अंगाला एका दिवसात होत नाही. मे महिन्याच्या शेवटी, २५ तारखेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. त्या नऊ दिवसांत बारा ते चार मी कोणालाच गच्चीवर चढू देत नाही. गिऱ्हाईक रागावतं. रागावू दे.

पाणी सोबत न्यायचं तर दोन लिटरची जाड बाटली किंवा कॅन घ्या, त्यावर गोणपाट गुंडाळून शिवा आणि गोणपाट ओलं ठेवा. माझे वडील ट्रकवर क्लीनर होते, त्यांच्या गाडीला पुढे कॅनव्हासची छागल टांगलेली असायची. कापडातून पाणी पाझरायचं, वाऱ्याने उडायचं आणि आतलं पाणी भर उन्हात गार राहायचं. छागल आता सहज मिळत नाही, गोणपाट मिळतं. पातळ प्लास्टिकची बाटली गाडीच्या डिकीत दिवसभर तापू देऊ नका. तापलेलं पाणी जिभेला नकोसं होतं, आणि नकोसं झालं की माणूस पीत नाही.

उन्हातून आल्यावर लगेच पाणी पिऊ नये, असं घरोघरी सांगतात. त्यातलं खरं एवढंच की फ्रीजची बर्फगार बाटली एका दमात रिती केली तर पोटात कळ येते, कधी उलटी होते. म्हणून पाणीच न देता माणसाला अर्धा तास ताटकळत ठेवणं चूक आहे. सावलीत बसवा, माठाचं पाणी द्या, घोट घोट द्या. सोबत गुळाचा खडा द्यायची जुनी पद्धत आहे, ती मला फार आवडते.

आणि एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, ती खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची. आपल्या नागपुरात गच्चीवर, ऑटोत, दुकानात अर्ध्या माणसांच्या गालात खर्रा असतो. त्याचे बाकीचे धोके सगळ्यांना माहीत आहेत. पाण्याच्या बाबतीत असं होतं की तोंड भरलेलं असतं, लाळ सुटत राहते, तहान जाणवत नाही, आणि पाणी प्यायचं तर पैसे मोजून घेतलेला खर्रा थुंकावा लागेल म्हणून माणूस पिणं पुढे ढकलतो. माझा एक साथीदार असा दोन-दोन तास पाण्याविना राहायचा. त्याला एकदा मी विचारलं, "काहून बे, पाणी काहून नाही पेला?" त्याने नुसतं गालाकडे बोट दाखवलं. त्याला त्या उन्हाळ्यात मुतखडा झाला. वेदनेने तो रात्रभर गडाबडा लोळताना मी पाहिलाय.

मीठ, साखर आणि ओआरएस

घासावर खार साचतो, कारण वाफ पाण्याची होते, क्षाराची होत नाही. तसंच घामातून पाणी आणि मीठ दोन्ही निघतं, आणि शर्टावर मीठ मागे राहतं. तीन-चार तास घाम गाळल्यावर नुसतं पाणी पुरत नाही. पण याचा अर्थ सतत मीठ-साखर प्यावं असाही नाही. घरात किंवा ऑफिसात बसणाऱ्याचं मीठ रोजच्या जेवणात भागतं, उलट जास्तच होतं. ब्लड प्रेशर असलेल्यांनी तर उन्हाळा म्हणून मीठ वाढवू नये.

कष्ट करणाऱ्यांसाठी आपल्या स्वयंपाकघरात सगळं आहे. दुपारी जेवताना मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक. ज्वारीची आंबील. कैरीचं पन्हं, फक्त गुळाचा हात आवरता ठेवा. लिंबू सरबत. मी डब्यात कांदा नेतो आणि खातो. खिशात ठेवलेला कांदा ऊन ओढून घेतो असं म्हणतात, त्यावर विसंबून पाणी कमी करू नका. टरबुजात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, काकडीत त्याहूनही जास्त. मृग बहराची संत्री मार्चपर्यंत खाऊन घ्या, ऐन मे महिन्यात भरवसा टरबुजावरच. उसाचा रस प्या, पण बर्फ न घालता. रस्त्यावरचा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला कळत नाही, आणि जुलाब लागले तर दिवसभर प्यालेलं सगळं एका तासात जातं.

जुलाब-उलट्या झाल्या, गोळे आले, उन्हाने थकवा आला, की ओआरएस. ते कसं काम करतं? आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. म्हणून दोन्हींचं प्रमाण ठरलेलं असावं लागतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी कालवून पिंपांतून लोकांना पाजलं, आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आजींनी मला पाजलेला तांब्या त्याच जातीचा होता.

ओआरएसचं मोठं पाकीट, साडेवीस ग्रॅमचं, पूर्ण एक लिटर पाण्यात एकाच वेळी कालवायचं. ग्लासात थोडी पूड टाकून पिणारे मी खूप बघितले. तसं केलं की मिश्रण दाट होतं आणि पाणी उलट आतड्याकडे ओढलं जातं. कालवलेलं चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चव आसवांइतकी खारट लागली पाहिजे, त्याहून जास्त नको. दुकानात ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं खोक्यात मिळतात, त्यांवर जाऊ नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली आहे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या.

चहाबद्दल मला रोज विचारतात, कारण प्रत्येक घरी चहा मिळतो. दिवसाचे तीन-चार कप अंगातलं पाणी सुकवत नाहीत, ते पाण्यातच मोजले जातात. फक्त चहाच्या जोडीला पाण्याचा ग्लास मागून घ्या. दारू मात्र पाणी काढते, आणि आदल्या रात्री प्यालेला माणूस दुसऱ्या दिवशी गच्चीवर सगळ्यात आधी कोसळतो.

बायकांचं पाणी

माझी बायको आठवडी बाजारात भाजी विकते. लग्नानंतर कित्येक वर्षं मला कळलंच नाही की ती सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत जवळपास पाणीच पीत नाही. कारण साधं होतं, जायला जागा नाही. पुरुष कुठेही आडोसा बघतात, तिने काय करायचं? मग दर उन्हाळ्यात लघवीला आग व्हायची. घरी म्हणायचे, उन्हाळी लागली, धणे-जिऱ्याचं पाणी दे, सब्जा दे. दोनदा उतरली. तिसऱ्यांदा ताप आला, कंबर धरली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जंतुसंसर्ग झालाय, कमी पाणी पिणं आणि लघवी तासन्‌तास दाबून ठेवणं हीच त्याची मोठी कारणं. आग, ताप आणि कंबरदुखी एकत्र आली की घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जा.

तिला "पाणी पी" असं सांगून काही होणार नव्हतं. आधी जागा शोधावी लागली. बाजारामागच्या एका घरच्या काकूंशी बोललो, त्यांचा कूलर मी फुकट दुरुस्त करून देतो, त्या तिला आणि शेजारच्या दोघींना संडास वापरू देतात. मग वेळा ठरवल्या. साडेअकराला दोन ग्लास, सव्वाबाराला काकूंकडे. तीनला परत दोन ग्लास, पावणेचारला परत काकूंकडे. मधल्या वेळात घोट घोट. बाजूची बाई गल्ल्याकडे बघते. त्यानंतर तिला एकदाही तो त्रास झालेला नाही. तुमच्या घरच्या बाईला, कामाला येणाऱ्या ताईला, दुकानातल्या मुलीला एकदा विचारा की तुम्ही पाणी पिता का, आणि नसाल पीत तर जायला जागा कुठे आहे. मुलींच्या शाळेतही हेच विचारा. माझ्या मुलीची बाटली रोज भरलेली परत यायची, तेव्हा मी शाळेत जाऊन संडासाची अवस्था पाहिली आणि चार पालक मिळून बोललो. कडी लागायला लागली, पाणी आलं, बाटली रिकामी यायला लागली.

घरातले बाकीचे

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. वय झालं की तहानच कमी लागते, त्यामुळे "तहान लागली तर सांग" या म्हणण्याला अर्थ नाही. तिला मोठा ग्लास दिला तर ती अर्धा ठेवते, म्हणून छोटं फुलपात्र. तिच्या खाटेजवळून जो जाईल त्याने ते भरून हातात द्यायचं, हा आमच्या घरचा नियम आहे. रात्री उठावं लागतं म्हणून ती संध्याकाळी पीत नव्हती, तेव्हा तिचं जास्तीत जास्त पाणी आम्ही संध्याकाळी सहाच्या आत उरकायला लागलो.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही, नागपूरच्या मे महिन्यातही नाही. आईचं दूध पुरतं, जास्त वेळा पाजावं, आणि आईने भरपूर पाणी प्यावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, लघवीची गोळी चालू असेल, तर या लेखातला एकही आकडा तुमच्यासाठी नाही. तुमचं माप तुमचे डॉक्टर ठरवतील.

पाऊस लागला की हवा दमट होते. घाम अंगावरून ओघळतो पण उडत नाही, म्हणून गारवा मिळत नाही आणि पाणी मात्र जातंच. जूनच्या शेवटी आणि जुलैत पिणं सोडू नका, पाणी उकळून घ्या. डिसेंबरात कूलर झाकला जातो, माठ उचलला जातो आणि लोकांचं पाणीही बंद होतं. मुतखड्याचा इतिहास असेल तर थंडीत कोमट पाणी जवळ ठेवा.

ऊन लागलेल्या माणसाचं बोलणं विसंगत झालं, अंग तव्यासारखं तापलं, तो हाकेला नीट ओ देईना, तर ते पाणी पाजून बरं व्हायचं प्रकरण राहिलेलं नाही. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, जोराने वारा घाला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं.

माझ्या दुकानापुढे मी दर वर्षी होळीनंतर दोन माठ ठेवतो. नवा माठ आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा, मग नारळाच्या शेंडीने घासायचा. साबण लावायचा नाही, तो मातीच्या छिद्रांत शिरतो. तिवईवर, वारा लागेल अशा सावलीत ठेवायचा, भोवती ओलं फडकं गुंडाळायचं. पाणी रोज बदलायचं, झाकण ठेवायचं, आणि लांब दांड्याचा ओगराळा टांगायचा म्हणजे कोणाचा हात आत जात नाही. सकाळी सातला भरतो. ऑटोवाले, कुरिअरची पोरं, शाळेतून परतणारी मुलं पितात. तीनच्या सुमारास ओगराळा तळाला लागल्याचा आवाज येतो, तेव्हा पोऱ्या हातातलं काम ठेवून बादली उचलतो.